एकाहत्तर किलो

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याच्या मुहूर्तावर आज मला एक गाळा मिळाला, एक गाडी मिळाली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या कुलपाची किल्ली मिळाली. इचलकरंजीहून येऊन तीन आठवडे झाले. महाप्याची नोकरी बरी आहे, सीवूड्सची खोली त्याहून बरी, पण माझा जीव अडला होता तो गाळ्यासाठी. करावे गावातली अरुंद गल्ली, वर पत्रा, खाली सिमेंट, थ्री-फेज मीटर आणि खाडीचा वास. मला तर महाल मिळाल्यासारखं वाटतंय.

मालक देवजीकाका. पूर्वी स्वतःची होडी होती, आता दोन इमारतींचे मालक, आणि तरी दिवसभर गाळ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून जाळं विणतात. गाळ्यात त्यांच्या मुलाची, मिथुनची, जुनी छोटी हॅचबॅक सहा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. मिथुन मस्कतला. काका म्हणाले की पोरी, गारी न्यायची त ने, पन परत आमच्या दारात उभी करू नको. मला कुठे दारात उभी करायची आहे! मला ती पळवायची आहे.

हे नीट लिहून ठेवते, पुढे कंटाळा आला तर वाचायला. ५ जानेवारीला घाटाखालच्या ट्रॅकवर हौशी लोकांचा ट्रॅक-डे आहे. आपापली गाडी आणायची, बंद ट्रॅकवर मनसोक्त पळवायची. सहाशे किलोंच्या आतल्या गाड्यांचा वेगळा गट आहे, त्यात मी नाव घातलंय. आणि बाबा बघायला येणार आहेत. मी सातवीपासून बाबांच्या गॅरेजमध्ये कार्बोरेटर उघडत होते, दादाला अजून पान्याचा नंबर कळत नाही, तरी गॅरेज दादाच्या नावावर झालं. बाबा म्हणाले होते की दुरुस्ती तू कर, पण गाडी चालवणं बायकांचं काम नव्हे. तेच बाबा परवा फोनवर म्हणाले की येतो बघायला. आजवर ते माझं काहीही बघायला आलेले नाहीत.

गाडीला झेंडूचा हार घातला, पान्यांची पूजा केली. काकांना सोनं द्यायला गेले तर त्यांनी आपट्याचं पान घेतलं, पण गाळ्याच्या आत काही आले नाहीत.

२० ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर गाडी सोलते आहे. ट्रॅकच्या गाडीचं पहिलं काम हेच. जे पळायला लागत नाही ते काढून टाकायचं. मागची सीट गेली, डावीकडची सीट गेली, गालिचे, एसीचं सगळं लटांबर, जादा चाक, स्पीकरचा खोका, काचांच्या मोटारी. काढलेली प्रत्येक वस्तू लटकत्या काट्यावर तोलून वहीत लिहिली. एकूण शहाण्णव किलो. कंपनीच्या पुस्तकात गाडीचं वजन साडेसहाशे. म्हणजे आता पाचशे चोपन्न. खुशीत दोन प्लेट कोळंबी खाल्ली.

मदतीला रशीदभाई मिळाले आहेत. पनवेलकडचे, वेल्डिंगमध्ये हात सोन्याचा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं की मॅडम, मिस्टरांची गाडी काय. मी सांगितलं की मिस्टर अजून बाजारात आलेले नाहीत, गाडी माझी आहे. तेव्हापासून आमचं छान जमतं.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीत इचलकरंजीला गेले नाही म्हणून आईचा अबोला. कुरिअरवाल्याने शॉक अब्सॉर्बर चुकीचे आणले, परत नेले, पुन्हा तेच आणले. गाळ्यात डास एवढे, की माझ्याऐवजी त्यांनीच स्टिअरिंग धरावं. असो.

एपीएमसी मार्केटमधल्या एका कांद्याच्या आडत्याकडून चार सपाट इलेक्ट्रॉनिक काटे उचलले. एकेका चाकाखाली एकेक ठेवायचा, म्हणजे कुठल्या चाकावर किती भार ते कळतं आणि त्याप्रमाणे स्प्रिंग वरखाली करून गाडी समतोल करता येते. रशीदभाईंनी आणि मी मिळून गाडी चढवली. चारही आकड्यांची बेरीज केली.

सहाशे पंचवीस.

पाचशे चोपन्न यायला हवे होते. एकाहत्तर किलो जास्त! मी तीनदा बेरीज केली, मग रशीदभाईंकडून करून घेतली, मग आडत्याला फोन करून यथेच्छ बोलले. तो म्हणाला की ताई, त्या काट्यावर आख्खं मार्केट चालतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पन्नास किलोंची कांद्याची गोण आणून चारही काट्यांवर आळीपाळीने ठेवली. पन्नास, पन्नास, पन्नास, पन्नास. काटे अगदी सज्जन आहेत.

काट्यांच्या जागा बदलल्या. तरी जास्तीचे एकाहत्तर आहेतच, आणि ते सगळे डाव्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकात वाटलेले. डावीकडे तर काहीच उरलेलं नाही. सीट काढली तिथे नुसता उघडा पत्रा आहे. मी आत हात घालून चाचपलं. पत्रा जरा कोमट होता. दुपारचं ऊन पत्र्याच्या छपरातून येतं, त्याचा असेल.

रशीदभाईंनी कांद्याची गोण उचलून दाराशी नेऊन ठेवली. मग म्हणाले की मॅडम, काटा खोटा नाय, गाडीच खोटी हाय. मी म्हटलं की गाडी खोटी बोलत नाही, माणसं बोलतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मस्तक फिरलं. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करायला घेतला. गाडी उलटली तर डोकं वाचवणारा तो पिंजरा, त्याच्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. डाव्या खांबाचा रंग खरवडला तर आत बोटभर पुट्टी. म्हणजे ही बाजू कधीतरी पार चेपलेली, ठोकून सरळ केलेली, वरून पुट्टी थापून रंगवलेली. देवजीकाकांनी मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. विचारायला गेले तर म्हणाले की पोराच्या हातून जरा लागली व्हती, आणि जाळ्यात मान घातली.

पिंजऱ्याचे अठ्ठावीस किलो वाढले. म्हणजे पाचशे ब्याऐंशी यायला हवेत. काट्यावर सहाशे त्रेपन्न. दिवसभर मी ड्रिल घेऊन जिथे जमेल तिथे भोकं पाडली, दारांत, ब्रॅकेटांत, पेडलांतसुद्धा. गाडीची चाळणी केली. चार किलो पत्रा कमी झाला. काट्यावर सहाशे एकोणपन्नास. दोन किलो काढले की बरोब्बर दोनच कमी होतात. ते एकाहत्तर मात्र हलत नाहीत.

सहाशेच्या आत बसले नाही तर गटात घेणार नाहीत. बाबा एवढ्या लांबून येऊन काय बघतील? मी वजनकाट्यावरून गाडी परत ढकलत नेते आहे, ते? मी पाना भिंतीवर फेकला. पान्याला काही झालं नाही, भिंतीचा टवका उडाला.

७ डिसेंबर, शनिवार

डॅशबोर्ड तेवढा राहिला होता, मागे वायरींचं जंजाळ आहे म्हणून टाळत होते. आज तो उतरवला. डावीकडच्या खणाच्या झाकणामागे चिकटपट्टीने लावलेला वहीचा कागद सापडला. बॉलपेनने लिहिलेली यादी, अगदी माझ्यासारखीच. सीट चौदा, गालिचा अकरा, जादा चाक बारा. मला आधी हसूच आलं. कुणीतरी माझ्याआधी हीच गाडी याच वेडापायी हलकी करायला निघालं होतं.

खाली लिहिलं होतं:

मिथुन ८४. दिपेश ७१.
जाताना मिथुन. येताना दिपेश.

मी कागद खाली ठेवला आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले. गल्लीत कोळणी बोंबील विकत होत्या, एक बाई भावावरून तावातावाने भांडत होती. ते भांडण मी शेवटपर्यंत ऐकलं.

८ डिसेंबर, रविवार

कागद देवजीकाकांच्या हातात दिला. त्यांनी वाचला नाही. अक्षर ओळखलं.

सगळं सांगितलं त्यांनी. दिपेश शेजारच्या आळीतला, मिथुनचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांनी मिळून गाडी घेतली, दोघांनीच घरच्या घरी हलकी करायचं ठरवलं. एक दिवस घाटात चालवून बघायला निघाले. ठरलं होतं की जाताना मिथुन चालवेल, परत येताना दिपेश. त्याने तोवर ती एकदाही चालवली नव्हती, आठवडाभर गावात सगळ्यांना सांगत होता की रविवारी माझ्या हातात गाडी. वर पोचायच्या आधीच वळणावर डावी बाजू कठड्यावर गेली. मिथुनला खरचटलंसुद्धा नाही. त्याने गाव सोडलं. काकांनी सीट, चाक सगळं होतं तसं परत बसवून, पुट्टी लावून गाडी झाकून ठेवली, मोडीत काढायला हात धजला नाही म्हणून.

मी तावातावाने विचारलं की हे मला आधी सांगायला काय झालं होतं. काका म्हणाले, "सांगून तू घेतली असतीस? आमाला वाटला, तू नेशील त त्याचा पन जीव सुटंल." मग म्हणाले की बसलाय त बसू दे. पण मोजू नको त्याला. मोजला का त्याला वाटतं, आपला नंबर आला.

मी इंजिनिअर आहे. मी यावर विश्वास ठेवत नाही. असं लिहिलं की बरं वाटतं, म्हणून लिहिलं.

१४ डिसेंबर, शनिवार

रशीदभाई आज शेवटचे आले. पिंजऱ्याचं उरलेलं वेल्डिंग करायला डावीकडच्या पत्र्यावर आडवे झाले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. घाम पुसत म्हणाले की कुनीतरी पाय आवरून घेतले, मला जागा करून द्यायला. हत्यारं गोळा केली आणि मला पुन्हा बोलवू नका म्हणाले. इतका सभ्य माणूस, जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

म्हणजे सगळं पुन्हा माझ्याच अंगावर! तीन आठवडे उरलेत, आणि मी एका मेलेल्या मुलाशी जागेवरून भांडते आहे. इतका संताप आला, की मी गाडीत डोकं घालून मोठ्याने म्हटलं, "बसायचंय ना? बस. तुझ्यासकट गाडी सरळ करते."

आणि केली. डाव्या बाजूच्या स्प्रिंगा त्याच्या भाराला पुरतील एवढ्या वर चढवल्या. काट्यांवर चारही चाकं समतोल आली. गाडीच्या पानावर नोंद केली: चालक ५८, सोबत ७१. दोन महिन्यांत प्रथमच हिशेब जुळला. वजन अजून सहाशेच्या वर आहे, पण आयोजकांचा काटा निराळा असेल, काहीतरी होईल.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी गाडी टेम्पोत घालून महाप्याला नेली. कंपन्या बंद, आतले रस्ते मोकळे. चार चकरा मारल्या.

काय चालते! अशी गाडी मी कधी चालवलेली नाही. वळणात नुसतं मनात आणायचं की ती वळते. चौथ्या चकरेत मी स्टिअरिंगवरची पकड सैल केली, तरी ती रस्ता धरून राहिली. वळण आलं. स्टिअरिंग माझ्या हाताआधी वळलं.

थोडंसंच. पण आधी.

२२ डिसेंबर, रविवार

आज काट्यावर चढवली. एकूण सहाशे एकोणपन्नास, तेच. पण डावीकडे काही नाही. एकाहत्तर किलो उजवीकडे आहेत. चालकाच्या बाजूला.

मी गाडीबाहेर उभी होते. आत कुणी नव्हतं.

त्याच्यासाठी स्प्रिंगा मीच बसवल्या, त्याचं वजन मीच पानावर चढवलं. काकांनी मोजू नको म्हटलं होतं, मी तर त्याची मापं घेऊन गाडी बेतली. दुसरं कुणी असतं तर गाडी सोडून पळालं असतं. मला ते सुचलं नाही, मला समतोल सुचला.

२८ डिसेंबर, शनिवार

हे सावकाश लिहिते, चूक नको.

फोन काट्यांच्या आकड्यांवर रोखून ठेवला, व्हिडिओ सुरू केला. मग आत बसले. उजव्या सीटवर. स्टिअरिंग माझ्या छातीसमोर, पाय पेडलवर. उतरून व्हिडिओ पाहिला. एकूण सातशे सात, म्हणजे माझे अठ्ठावन्न धरून बरोबर. पण उजवीकडचा आकडा हललाच नाही. माझे अठ्ठावन्न डावीकडे वाढले.

पुन्हा बसले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा—तेच.

काट्याच्या मते मी डावीकडे बसते.

२ जानेवारी, गुरुवार

बाबांना फोन केला, येऊ नका सांगायला. माझ्या आधी तेच बोलले. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय, दादाला गॅरेज बंद ठेवायला लावून दोघं गाडीने निघणार आहेत. म्हणाले की लोकांना सांगितलं, माझी लेक गाडी चालवणार हाय.

माझी लेक. बाबांच्या तोंडून हे ऐकायला मला चौतीस वर्षं लागली.

फोन ठेवून मी रडले. मग राग आला, आणि राग आला की मला बरं वाटतं. गॅरेज दादाला दिलं, मी गप्प बसले. ही सीट मी कुणाला देणार नाही. जिवंत असो की मेलेला.

४ जानेवारी, शनिवार

काका पहिल्यांदा गाळ्याच्या उंबऱ्यापर्यंत आले. हात जोडून म्हणाले की पोरी, एक डाव त्याला चालवू दे, सुटंल तो. मी नाही म्हटलं. गाडीकडे बघूनच म्हटलं, त्यालाही ऐकू जावं म्हणून. ही माझी पाळी आहे.

गाडी टेम्पोत चढवताना उजवीकडचा दरवाजा उघडेना. आतून—

नाही. कडी अडकली होती. कडीच.

५ जानेवारी, रविवार. सकाळी आठ

ट्रॅक. ऊन छान आहे. आयोजकांच्या काट्यावर गाडी: पाचशे अठ्ठ्याहत्तर. पास! माझ्या हिशेबाइतकीच, एक किलो इकडे-तिकडे नाही. मी नाचलेच.

मग लक्षात आलं. तो गाडीत नव्हता म्हणजे उतरला होता. उतरला होता म्हणजे इथेच कुठेतरी—

साडेनऊ

बाबा आले. पांढरा शर्ट, नवी चप्पल. लांबून हात केला. आता बसते. पट्टा आवळून बसते, म्हणजे कुणी हलवायला नको. वही मांडीवर आहे, पुढच्या दोन गाड्या सुटेपर्यंत.

बाबा उजव्या खिडकीशी वाकले. माझ्या तोंडापासून वीतभर. म्हणाले की पोरा, आमची सुनयना कुठं दिसंना, तीच चालवणार हाय न्हवं? मी म्हटलं, बाबा मी इथे. ओरडले. त्यांनी मान डोलावली, कुणीतरी उत्तर दिल्यासारखी. म्हणाले की बरं, तुझा नंबर हाय तर जा, पण सावकाश जा.

खाली सीट नाही. पत्रा आहे. मी डावीकडे—कधी—पट्टा तर मी स्वतः—

गाडी सुटली

ब्रेक दाबते आहे. पाय पत्र्यावर आपटतो. इथे पेडल नाही

चांगली चालवतो. किती चांगली—ही मी बांधलेली गाडी आणि मला ती अशी कधी

गाडी वळणात आहे आणि मला लिहिता येतंय. माझे हात मोकळे आहेत

झेंडा दाखवला. बाकीच्या गाड्या आत वळल्या. आम्ही नाही. आणखी जोरात—डावी बाजू भिंतीला घासत—

बाबा कठड्याशी उभे राहून टाळ्या वाजवताहेत. त्याच्याकडे बघून. बाबा, इकडे, मी डाव्या बाजूला, डाव्या—इकडे बघा ना, बा